धुऱ्यावर फेकलेल्या बुंध्याचं बोन्साय

या कामाला लागणारं झाड तुमच्या वावरातच उभं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही ते उपटता आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकता, नाहीतर चुलीत घालता. शेवटचा तोडा झाल्यावरचं मिरचीचं बुंध, अंगठ्याएवढ्या खोडाची पऱ्हाटी (कपाशीचं झाड), दिवाळीनंतर कोणी ढुंकूनही न बघितलेला झेंडू. यातलं एखादं उथळ भांड्यात नीट बसवलं, तर वर्षाच्या आत ते लहानसं पण जुनं झाड दिसायला लागतं.

वड-पिंपळाच्या बोन्सायला माणसाची अर्धी उमर जाते. त्यामुळे नवख्याचा हात कात्री धरताना कापतो. चुकीची फांदी गेली तर पाच वर्षं गेली. हंगामी झाडाला ती भीती नाही. ते तसंही जाणारच आहे. छाटणी, मुळं कापणं, तार गुंडाळणं, सगळं एका हंगामात करून पाहा. बिघडलं तर पुढच्या मृगात पुन्हा बी आहेच. काही जाणकार म्हणतात, याला बोन्साय म्हणूच नये. म्हणोत बापडे. जपानात शेवंतीचं बोन्साय करायची रीत जुनी आहे. रोप लावल्यापासून वर्षभरात ते तयार होतं आणि शरदात फुलतं. मिरचीच्या बोन्सायला तर परदेशात ‘बोन्ची’ असं वेगळं नावच पडलं आहे.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, हिंगणघाटहून समुद्रपूरकडे जाताना लागणाऱ्या एका फाट्यावर. रब्बीत ओलिताचे दिवस आले की जळालेल्या मोटारी येतात, आणि हातभर-वीतभर तांब्याच्या तारेचे तुकडे दुकानात पडून असतात. माझा हा नाद त्या तुकड्यांतूनच लागला. तारेबद्दल पुढे सांगतो. आधी झाड निवडायचं कसं, ते.

फूल बघू नका, खोड बघा

नर्सरीत माणूस फुलाच्या रंगावर भाळतो. इथे फूल शेवटी येतं. आधी बघायचं की खोड लाकडासारखं होतं का, पान लहान राहतं का, आणि कापल्यावर खालून फूट येते का.

या तिन्ही कसोट्यांना मिरची उतरते. आपण ती एका हंगामाचं पीक म्हणून लावतो, पण जिथे बर्फ पडत नाही तिथे मिरची दोन-चार वर्षं सहज जगते. कपाशीचंही तेच, मूळची ती बहुवर्षायू झुडूप आहे. तूरही तशीच. सदाफुली तर दगडावर जगेल. तिच्यात चीक असल्यामुळे शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि ज्यांच्या आवाराला कुंपण नाही त्यांना ही गोष्ट मोठी आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने सदाफुलीपासून सुरुवात करावी. फक्त पावसाळ्यात तिच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये, खोड सडतं.

झेंडू, कोंबडा आणि कुरडू ही खऱ्या अर्थाने एका हंगामाची. यांचं खोड पेन्सिलीएवढं झालं तरी बुडाशी टणक होतं. तेरड्याच्या खोडात नुसतं पाणी, त्याला तार चालत नाही. पण बुडाशी तो फुगतो, लालसर मुळं बाहेर काढतो, आणि एवढंसं झाड मोठ्या वृक्षासारखं जमिनीवर पाय रोवून उभं दिसतं. तीन महिन्यांचा पाहुणा म्हणून ठीक आहे. गुलबक्षीची गंमत जमिनीखाली आहे: तिचा काळा, सुरकुतलेला कंद. पाला वाळला की तो काढायचा आणि परत लावताना वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवायचा. पुढच्या वर्षी आणखी थोडा वर. कंद आणि बिया विषारी असतात, म्हणून घरात रांगतं पोर असेल तर हे भांडं उंचावर ठेवा.

वांगं, भेंडी, सूर्यफूल यांच्या वाटेला जाऊ नका. पानं सुपाएवढी होतात आणि काही केल्या लहान होत नाहीत. अंबाडी सोट्यासारखी सरळ जाते.

तुळशीचं मात्र आमच्या घरी जमलं नाही. खोड झकास, मंजिऱ्या खुडत राहिलं तर फांद्याही दाट येतात. पण मी तार काढलेली बघून माय म्हणाली, “तुळशीले बांधून राहिला का? ते काही चालणार नाही.” मग मी सब्जा घेतला. तुळशीचाच भाऊबंद, आणि त्याला कोणी पाणी घालून नमस्कार करत नाही.

कवेलू पुरायचं

हे काम मृगाच्या आधी करायचं आणि खर्च शून्य.

बोन्सायला मुळं चारी बाजूंनी पसरलेली हवी, खाली गेलेली नको. कपाशी, तूर, मिरची यांचं सोटमूळ मात्र खाली जातं. भांड्यातच बी लावलं तर खोड काडीएवढं राहतं, कारण खोड जाड व्हायला मुळांना मोकळी जमीन लागते. यावर तोडगा असा: वावराच्या कडेला किंवा आवारात जिथे बी टोबायचं, तिथे चार बोटं खोल एक कवेलू, म्हणजे छपराचं मातीचं कौल, आडवं पुरा. मंगलोरी असेल तर उत्तम, सपाट असतं. वर माती ओढा आणि बरोबर मधोमध बी टाका. सोटमूळ खाली जातं, कवेलूला अडतं आणि तिथून आडव्या मुळ्या सुटतात. झाड जमिनीतच असल्यामुळे पावसाळाभर जोमाने वाढतं, खोड भरतं. हिवाळ्याच्या शेवटी काढाल तेव्हा मुळांचा गठ्ठा हाताच्या पंजासारखा पसरलेला मिळतो, थेट उथळ भांड्यात बसणारा.

आमच्याकडे घरकुलं बांधायला जुनी घरं पडली, तेव्हापासून घराघरामागे कवेलूंचे ढीग आहेत. मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, उलट जागा मोकळी होते म्हणून चार जास्तच देतात.

भांडंही त्यातच निघतं. देशी, अर्धगोल कवेलू उताणं ठेवायचं, दोन्ही तोंडं विटेचा तुकडा आणि थोड्या सिमेंटने बंद करायची आणि प्रत्येक तोंडाला तळाशी करंगळी जाईल एवढं छिद्र राखायचं. लांबट, उथळ ताट तयार. कुरडूची राई किंवा तीन झेंडूंचा घोळका यात छान बसतो. मिरची आणि पऱ्हाटीला जरा खोली लागते. त्यासाठी फुटक्या माठाचा तळ घ्या, कटर मशीनने चार-पाच बोटं उंचीवर गोल कापा आणि ड्रिलने तीन छिद्रं पाडा. पाडताना पाणी टाकत राहा, हातोड्याचं ड्रिल लावू नका. माठ पाझरतो म्हणून उन्हाळ्यात तो मुळं थंड ठेवतो. चकचकीत चिनी मातीच्या भांड्याला ते जमत नाही.

माती. विदर्भातल्या माणसाला काळ्या मातीचा अभिमान असतो आणि भांड्यात तीच घालावीशी वाटते. घालू नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. वावरात त्या भेगा हातभर खोल जातात तरी पिकाला चालतं; पण चार बोटांच्या भांड्यात भेग पडली की बारीक मुळं तटातट तुटतात. मी दोन घमेली चाळलेला मुरूम घेतो, ज्वारी-मुगाच्या दाण्याएवढा. त्यात एक घमेलं विटेचा चुरा, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत आणि काळी माती फक्त ओंजळभर. मुरुमाची पूड गाळून टाकायची, तीच पाणी अडवते. मुरूम मिळत नसेल तर नदीची भरड रेती चालते.

मिरचीचं बुंध

इथे जरा वेळ देतो, कारण एकच करणार असाल तर हेच करा.

शेवटचा तोडा झाला की वावरातून एक फेरी मारा. उंच झाड नको. बुडाशी जाड, आणि जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत दोन फांद्यांत फुटलेलं झाड शोधा. मिरची एका ठरावीक जागी दुभंगते आणि मग प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगत जाते. तो पहिला दुभंग जितका खाली, तितकं तुमचं झाड चांगलं. पानं वाटीसारखी वळलेली, चुरडा-मुरडा झालेली असतील तर खोड कितीही देखणं असो, घेऊ नका. तो रोग नव्या फुटीतही येतो. जातीचं म्हणाल तर लहान फळाची घ्या, कारण भांड्यात पान लहान होतं, पण फळ फारसं लहान होत नाही. लवंगी सगळ्यात बरी. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली भिवापुरीही चालते.

आदल्या दिवशी पाणी द्या. कुदळीने चौफेर वीतभर अंतरावरून माती मोकळी करा आणि गठ्ठ्यासकट काढा. पहिला दुभंग आणि त्यापुढचे दोन-तीन डोळे ठेवून वरचं सगळं कापा. हो, सगळं. एकही पान राहणार नाही. शेजारचा माणूस हसेल. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावा. संत्रावाल्या कोणाच्याही घरी ती मिळेल. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे तिचं प्रमाण, आपल्याला चमचाभर पुरे. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचं नाही.

आता मुळं. बादलीभर पाण्यात गठ्ठा हलवून माती सुटू द्या आणि बांबूच्या काडीने मुळं बुडापासून बाहेरच्या दिशेने विंचरा. खाली जाणारी जाड मुळं कापा, आडवी ठेवा. एकूण गठ्ठ्याचा तिसरा हिस्सा गेला तरी चालतो. पान नाही म्हणजे झाडाला पाणी ओढायचं कामही फारसं नाही. भांड्याच्या छिद्रांतून तार ओवून घ्या, बुंध बसवा आणि तार मुळांवरून आवळा. ही पायरी बरेच जण सोडतात. वाऱ्याने बुंध हललं की नवी केसाएवढी मुळं रोज तुटतात आणि महिनाभर झाड का फुटत नाही ते कळत नाही.

मग सावलीत. कोठ्याच्या आडोशाला, जिथे उजेड आहे पण ऊन नाही. माती ओलसर ठेवायची, चिखल नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळे हलतात. जवळून बघितलं तर ते आधी हिरवे नसतात: पेराच्या वळीत मोहरीपेक्षा लहान जांभळट ठिपका दिसतो, दोन दिवसांनी त्याला टोक येतं आणि मग ते टोक दोन पानांत उलगडतं. एकाच पेरावर असे तीन-चार येतात. इथे मन घट्ट करायचं. फांदी जिथे हवी तिथलाच ठेवायचा, बाकीचे नखाने पुसून टाकायचे. आतल्या बाजूला जाणारे, सरळ वर जाणारे आणि खोडाच्या अगदी खालचे आधी काढा.

नव्या फांदीला पाच-सहा पानं आली की दोन ठेवून शेंडा खुडा. त्या दोन पानांच्या बगलेतून दोन फांद्या येतील. पुन्हा तेच. प्रत्येक फेरीला पान आधीपेक्षा लहान येतं. मे महिन्यात कळ्या येतील आणि उष्णतेने गळतील, त्याचं दुःख करू नका; उलट जुलैपर्यंत दिसेल ती कळी तोडाच. फळ धरलं की झाड फांदी सोडून फळाच्या मागे लागतं. पोळ्याच्या सुमारास खुडणं थांबवा. दिवाळीत झाडावर लाल मिरच्या असतील.

पऱ्हाटी

कवेलूवर वाढवलेली पऱ्हाटी जानेवारीत काढा. देशी कपाशीचं बी मिळालं तर सोडू नका. तिचं पान खोल चिरलेलं आणि अरुंद असतं, लहान झाडावर शोभतं. फूल पिवळं, आत गर्द जांभळा डोळा. अमेरिकन जातीचं पान रुंद, पण तिच्या फुलाचं कौतुक वेगळं: सकाळी उमलतं ते दुधाळ, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी. वावरात हजारो फुलांत ते लक्षात येत नाही. ओट्यावरच्या झाडावर एकच फूल असलं की घरातलं पोरगंही विचारतं, काल पांढरं होतं ना?

छाटताना शेतकऱ्याने उलटा विचार करायचा. शेतात आपण गळफांदी काढतो आणि फळफांदी राखतो. इथे गळफांदी राखा. ती खोडासारखी वर जाते, जाड होते, तिला पुन्हा फांद्या फुटतात. झाडाचा सांगाडा तिच्यातूनच होतो. फळफांदी पेरापेराला नागमोडी वळते आणि बोंडाच्या वजनाने लोंबते. ती दोन-तीनच ठेवा. खोड वीतभर ठेवून वरचं कापा. बाकी सगळं मिरचीसारखंच, फक्त पऱ्हाटीची मुळं जास्त कापू नका, ती मिरचीइतकी सोशीक नाही. अडवलेलं सोटमूळ जिथे कवेलूला टेकलं होतं तिथलं टोक तेवढं काढा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. गुलाबी बोंडअळीने २०१७ साली आपल्याकडे काय केलं ते कपाशीवाल्याला सांगायला नको. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राहिलेली कपाशी, ठेवू नका असं म्हणतात ते याचसाठी: उन्हाळ्यात पात्या (कळ्या) आणि बोंडं मिळाली की अळीला पुढच्या हंगामापर्यंतचा आसरा मिळतो. तुमची अंगणातली एक पऱ्हाटीही फरदडच आहे. म्हणून जानेवारीपासून पुढच्या पेरणीच्या कपाशीला पात्या लागेपर्यंत तिच्यावर एकही पाती, फूल, बोंड राहू द्यायचं नाही. आठवड्याला एकदा बघून खुडायचं आणि चुलीत टाकायचं. एवढं जमणार नसेल तर पऱ्हाटी करू नका, मिरची करा.

झेंडू आणि कुरडू: वाकवायचं काम झाडावरच सोडा

झेंडू जून-जुलैत लावला तर कमरेएवढा होतो. दिवस लहान झाले की त्याला फूल लवकर येतं. म्हणून भांड्यासाठीचा झेंडू उशिरा लावा, सप्टेंबरच्या सुमारास. दिवस लहान होत जातात आणि रोप वीतभर असतानाच कळी धरतं. कॉसमॉसचंही असंच आहे.

झेंडूच्या खोडाच्या बुडाशी बोट फिरवा, खरखरीत पांढरट पुळ्या लागतील. त्या मुळांच्या सुरुवाती आहेत. रोप लावताना खोडाचा दोन बोटं भाग मातीत घ्या, तिथून चौफेर मुळ्या सुटतील. महिन्याभराने वरची माती पाण्याने हळूहळू धुऊन काढली की त्या उघड्या पडतात आणि उन्हाने टणक होतात. वडाच्या पारावर दिसतात तशा.

वाक द्यायला तार नको. झेंडूचं कोवळं खोड तारेने चिरडतं. भांड्याच्या एका बाजूला विटेचा तुकडा लावून ते तिरपं करा. शेंडा काही तासांत वर वळायला लागतो, दुसऱ्या दिवशी सरळ उभा असतो. खालचा जून भाग मात्र तिरपाच राहतो. चार-पाच दिवसांनी वीट दुसऱ्या बाजूला लावा. अशी तीन-चार वळणं घेतलेलं खोड कोणालाही हाताने वाकवलेलं वाटत नाही, कारण ते वाकवलेलं नसतंच.

कुरडूला तर काही करावंच लागत नाही. सोयाबीनमध्ये निंदणाला आलेलं तण, कोवळं असताना भाजीला नेतात. तुऱ्यातलं काळं, चकचकीत बी कवेलूच्या ताटात विखरून टाका आणि दोन-दोन बोटांवर विरळणी करा. मूळ हलवलेलं त्याला आवडत नाही, म्हणून जिथे पेरलं तिथेच राहू द्या. दाटीत आणि कमी मातीत ते लवकर तुरा काढतं. वीतभर उंचीच्या दहा-बारा काड्या, प्रत्येकीच्या टोकाला गुलाबी-पांढरा तुरा. मधली रोपं उंच राहू द्या, कडेची खुडा. ज्या बायकांनी दुपारभर हेच तण उपटलं होतं त्यांनी संध्याकाळी दुकानासमोर थांबून ते कोणतं झाड आहे असं मला विचारलं आहे.

तार

मिरची, पऱ्हाटी, सब्जा, सदाफुली यांना तार चालते. तांब्याची, खोडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड. १८ ते २२ गेजमध्ये आपलं सगळं काम होतं. मोटारीतून निघालेली तार एकदा वाकवली की ताठरते, तांब्याचा तो गुणच आहे. ताठर तार झाडावर वापरली तर गुंडाळतानाच फांदी मोडते. वार्निश कानशीने किंवा सॅण्डपेपरने खरवडा आणि मग निखाऱ्यावर लाल करून थंड होऊ द्या. ती पुन्हा सुतळीसारखी मऊ होते. वार्निशसकट जाळू नका, तो धूर छातीला वाईट. लोखंडी बायंडिंग वायर गंजते आणि सालीवर डाग पाडते.

पाणी दिल्यावर लगेच वाकवू नका. भरलेलं खोड काकडीसारखं कट्‌कन मोडतं. दुपारी, पानं जरा मलूल झाली असताना वाकवा, मग पाणी द्या. तार खोडाला तिरपी, सैलसर, खालून वर. पावसाळ्यात ही झाडं इतक्या झपाट्याने जाड होतात की तिसऱ्या आठवड्यात तार सालीत रुतायला लागते. ती उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.

नवतपा

पावसाळा आणि हिवाळा कोणीही काढतो. खरी परीक्षा मेमध्ये, नवतप्याच्या त्या नऊ होरपळत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर गेल्यावर. चार बोटं माती दुपारी बारापर्यंत भाजून निघते. भांडी जमिनीवर ठेवू नका, पत्र्याखाली तर नकोच. पसरट टोपल्यात किंवा घमेल्यात रेती भरून ती ओली ठेवा, भांडं त्या रेतीत अर्धं रुतवा आणि बाजूने ओलं बारदान लावा. कडुनिंबाची किंवा मांडवाची सावली, सकाळचं ऊन नऊपर्यंत. पाणी उजाडताना आणि दिवस मावळल्यावर. पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, त्यात चहा होईल इतकं ते तापलेलं असतं. कूलर हवा सोडतो त्या बाजूला झाड ठेवू नका, सततच्या वाऱ्याने पानं करपतात.

बोअरच्या पाण्याने मातीवर आणि भांड्याच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर तो क्षार आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी छपराचं पावसाचं पाणी ड्रमात साठवून ठेवावं आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तेच भांड्याच्या तळातून निथळेपर्यंत द्यावं.

खत हात राखून. युरियाने पानं मोठी होतात, सगळी मेहनत वाया. सरकीची ढेप मूठभर बादलीत दोन-तीन दिवस भिजवून वरचं पाणी पातळ करून पंधरा दिवसांनी देतो. वास येतो, म्हणून पाहुणे यायच्या दिवशी देत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी दिसली तर ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचा. पिठ्या ढेकूण झाला असेल तर आधी कापडाच्या बोळ्याने पुसून काढा.

दुकानात येणारा प्रत्येक जण झाडाला हात लावून एकच विचारतो, या मिरच्या खाता येतात का. येतात, आणि तिखटपणात काही कमी नाही. मागच्या दिवाळीत मी ज्या झाडाचे फोटो काढायचे म्हणून ठेवलं होतं, त्याच्या मिरच्या मायने सकाळीच ठेच्यासाठी तोडल्या. झाड मात्र पुन्हा फुलावर आलं आहे.